पडद्याचा पदार्थ आणि स्पीकरचा कस

महागड्या स्पीकरच्या माहितीपत्रकात आज सर्वांत ठळक छापलेले असते ते पडद्याच्या पदार्थाचे नाव: बेरिलियम, हिरा, कार्बन फायबर आणि अलीकडे ग्राफीन. स्पीकरची मोजमापे शोधावी लागतात. पदार्थालाच गुणवत्ता समजण्याची ही सवय ध्वनिकलेचे नुकसान करते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदार्थाला महत्त्व आहेच. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलताना अख्खा एकजीव हलायला हवा. एका मर्यादेपलीकडे मात्र त्याचे भाग वेगवेगळे थरथरू लागतात आणि मूळ ध्वनीत नसलेली धार ऐकू येते. पदार्थ जितका ताठ आणि हलका, तितकी ही मर्यादा वर सरकते. बेरिलियमची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे दोन-तृतीयांश आणि ताठपणा जवळपास चौपट. यामाहाने १९७४ साली एनएस-१०००एम या स्पीकरमध्ये बेरिलियमचे डोम, म्हणजे घुमटाकार पडदे, वापरले, त्यातला मधल्या स्वरांचा डोम ८८ मिलिमीटरचा होता. एवढा मोठा डोम साध्या धातूचा केला असता तर ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच थरथरला असता. तिथे बेरिलियमने खरा प्रश्न सोडवला.

उंच स्वरांच्या इंचभराच्या ट्वीटरची गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियमचा चांगला डोम साधारण २५ ते ३० हजार हर्ट्झपर्यंत शाबूत राहतो. तरुण कान २० हजारांपर्यंत ऐकतो, वय वाढते तशी ही मर्यादा उतरते. हिऱ्याचा डोम ही थरथर ७० हजारांच्या आसपास नेतो. अभियांत्रिकी म्हणून हे थक्क करणारे आहे. पण खालच्या स्वरांचा वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे दोघांत स्वरपट्टे वाटून देणाऱ्या मंडलात, नीट जुळला नसेल, तर ऐकू न येणाऱ्या पट्ट्यातली ही कमाई गाणाऱ्याचा आवाज सुधारू शकत नाही.

केव्लारची कथा तर अधिक बोलकी आहे. बुलेटप्रूफ जॅकेटच्या या धाग्याचा पिवळा शंकू ही बॉवर्स अँड विल्किन्सची सुमारे चार दशके ओळख होती. ग्राहकाच्या मनात ठसला तो त्याचा चिवटपणा; अभियंत्यांना हवे होते नेमके उलटे. विणलेले कापड एकदम न थरथरता हळूहळू सैल पडते, म्हणून आवाजात अचानक धार येत नाही. २०१५ साली याच कंपनीने वरच्या मालिकेत केव्लार सोडून दुसरे विणलेले कापड घेतले.

ग्राफीन २००४ साली मँचेस्टरमध्ये वेगळे केले गेले, २०१० मध्ये त्यासाठी नोबेल मिळाले. २०१३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी ग्राफीनचाच अतिपातळ पडदा असलेला हेडफोन करून दाखवला; तो प्रयोग खरा होता. बाजारात मात्र अनेकदा दुसऱ्याच पदार्थावर ग्राफीनचा लेप असतो किंवा त्यात थोडे मिसळलेले असते. किती, आणि त्याने ताठपणा किती वाढला, हे क्वचितच सांगितले जाते.

याउलट बीबीसीचा एलएस३/५ए पाहा. बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनसाठी सत्तरच्या दशकात घडवलेल्या या छोट्या स्पीकरचा शंकू बेक्स्ट्रीन नावाच्या साध्या प्लॅस्टिकचा होता. अभियंत्यांनी शंकूवर लेप देऊन, पेटीच्या पातळ भिंतींची कंपने आवरून आणि क्रॉसओव्हरवर कसून काम करून त्यातून माणसाचा आवाज माणसासारखा काढला. आजही त्याच्या प्रतिकृती विकल्या जातात.

ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या चाचण्यांत तेच स्पीकर दिसत असताना आणि आडोशाआड असताना श्रोत्यांनी निराळे गुण दिले. डोळे कानाला फसवतात. टूल यांच्या दीर्घ संशोधनातून निघालेला निष्कर्षही ठाम आहे: समोरचा प्रतिसाद सपाट आणि बाजूंना जाणारा ध्वनी त्याच्याशी सुसंगत असेल, तर तो स्पीकर बहुतेकांना आवडतो. खर्जाचे भवितव्य तर बरेचसे खोलीच ठरवते.

म्हणून समीक्षकांनी पदार्थांची नावे आळवणे थांबवावे. समोरचे आणि बाजूंचे आलेख मागावेत, स्पीकर आडोशाआड ठेवून ऐकावेत, ओळखीचा गळा आणि तानपुऱ्याची जवारी लावून पारखावेत. आपले सगळे आलेख उघड करणाऱ्या कंपनीचा साधा कागदी वूफर मला ग्राफीनच्या लेपापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.