घरच्या सीएनसीची पहिली मार्गदर्शिका : क्रम कुठे चुकतो?

आज आपण एका दुर्लक्षित लेखनप्रकाराकडे बघू. घरी सीएनसी यंत्र चालवायला शिकवणारी, नवशिक्यांसाठीची मार्गदर्शिका. अशी एखादी मराठीत लिहायचा कुणाचा बेत असेल, तर आधी इंग्रजीतल्या रूढ मार्गदर्शिकांची झाडाझडती घ्यायला हवी.

त्यांचा साचा ठरलेला. पहिलं प्रकरण यंत्राच्या खरेदीचं, दुसरं सॉफ्टवेअरचं, तिसरं जी-कोडच्या यादीचं. लाकडाचा तुकडा टेबलावर घट्ट कसा धरायचा, हे मात्र शेवटी दोन ओळींत. आमच्या मते हा क्रम दुकानदाराचा आहे. वस्तू ज्या क्रमाने विकत घ्यायच्या, त्या क्रमाने प्रकरणं येतात. नवशिक्याच्या चुका काही त्या क्रमाने होत नाहीत!

त्याचं पहिलं काम फसतं ते बहुधा जॉब हलल्यामुळे. दुसरं फसतं झीरो चुकीचा घेतल्यामुळे. तिसरं कारण जास्त फसवं आहे. ‘नवीन आहात ना, मग हळू चालवा’ हा सल्ला. ऐकायला शहाणपणाचा, पण अर्धवट.

हिशेब करून बघू. कटर मिनिटाला १०,००० फेरे घेतोय, त्याला दोन धारा आहेत आणि फीड ३०० मिमी प्रति मिनिट आहे. ३०० भागिले २०,०००, म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१५ मिमी. एवढ्यात धार धड कापत नाही, घासते. मग लाकूड काळं पडतं, ॲक्रिलिक वितळून कटरला चिकटतं. फीड वाढवणं हलक्या यंत्राला झेपत नसेल, तर एका धारेचा कटर लावा, वाटा लगेच ०.०३ होतो. किंवा फेरे कमी करा. हा भागाकार शाळकरी मुलालाही जमेल, तरी तो परिशिष्टात ढकललेला असतो.

तसंच जी२० आणि जी२१ चं. पहिला इंचाचा, दुसरा मिलिमीटरचा. यादीत दोघं शेजारी बसतात, पण गफलत झाली तर १० मिमीची चाल २५४ मिमीची होते आणि छोट्या यंत्राचं टेबल तिथे संपलेलं असतं, हे कुणी सांगत नाही.

सुरक्षिततेचं पानही असंच उपचारापुरतं. ‘चष्मा घाला’ म्हटलं की संपलं. घरातलं यंत्र म्हणजे त्याच हवेत झोपणारी माणसं आली. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. म्हणजे धूळ ओढणारं यंत्र आणि मास्क खरेदीच्या यादीत वरच हवेत.

मग नवी मार्गदर्शिका कशी असावी? पहिल्या प्रकरणात कटरच नको. त्या जागी पेन बांधा, कागदावर ५० मिमीचा चौकोन काढायला लावा आणि पट्टीने मोजायला सांगा. झीरो, दिशा, माप, एकक, सगळं एका कागदावर कळतं, आणि चूक झाली तर फार तर कागद फाटतो. दुसऱ्या प्रकरणात जॉब बांधणं, तिसऱ्यात तो भागाकार. यंत्र कोणतं घ्यावं, ते शेवटी.

आणि भाषा? भोसरीच्या, कोल्हापूरच्या कारखान्यांतला कामगार ‘जॉब’, ‘झीरो’, ‘फीड’ असंच बोलतो. त्याला ‘कार्यखंड’ आणि ‘भरणवेग’ शिकवायला जाल, तर जो माणूस नवशिक्याला शेजारी बसून समजावू शकला असता, त्यालाच ते पुस्तक परकं होईल.