सेमिनोल लोकजीवन आणि ‘पारंपरिक’ ही संज्ञा : मॅककॉली यांच्या अहवालाची समीक्षा

प्रस्तावना :
फ्लोरिडातील सेमिनोल जमातीच्या दैनंदिन जीवनाचा अभ्यास करताना क्ले मॅककॉली यांचा १८८७ साली प्रसिद्ध झालेला अहवाल टाळता येत नाही. १८८०-८१ च्या हिवाळ्यात केलेल्या पाहणीत त्यांनी २०८ व्यक्ती, ३७ कुटुंबे व २२ तळ नोंदविले. या अहवालाच्या आधारे ‘पारंपरिक’ ही संज्ञा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
अहवालाचे बलस्थान म्हणजे त्यातील तपशील. बिग सायप्रस येथील एका घराचे मोजमाप लेखक देतो : १६ फूट लांब, ९ फूट रुंद, जमिनीपासून सुमारे ३ फूट उंच मचाण, वर ताडपत्रांचे छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मांडलेल्या ओंडक्यांची चूल, कोंटीच्या कंदापासून काढलेले पीठ, आईच्या कुळावरून ठरणारे अपत्याचे कूळ या नोंदीही मोलाच्या आहेत.

मात्र हे घर लेखक प्रातिनिधिक मानतो आणि त्याची रचना हवामानाशी जोडतो. ‘चिकी’ नावाच्या या घराला दुसरेही कारण आहे. पूर्वी सेमिनोल लोक लाकडी ओंडक्यांच्या घरांत राहत. एकोणिसाव्या शतकातील युद्धांत सैन्य पाठीवर असताना झटपट उभारता येणारा व प्रसंगी सोडून देता येणारा निवारा त्यांनी स्वीकारला. म्हणजेच या घराच्या रचनेत विस्थापनाचा इतिहास साठलेला आहे. अहवालात तो इतिहास वास्तुवर्णनापासून अलग पडतो.

याउलट, आज सेमिनोल परंपरेचे प्रतीक ठरलेली रंगीत तुकड्यांच्या पट्ट्यांची वेशभूषा या अहवालात आढळत नाही. हाताने चालविण्याच्या शिवणयंत्रावर स्त्रियांनी ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास घडविली. पुढे पर्यटकांना होणाऱ्या विक्रीतून तिने कुटुंबांना रोख उत्पन्नही दिले.

निष्कर्ष :
मॅककॉली यांची निरीक्षणे विश्वसनीय आहेत. परंतु एका हिवाळ्याचे चित्र म्हणजे सनातन परंपरा नव्हे. तसे मानल्यास यंत्रावर शिवणारी स्त्री ‘अस्सल’ सेमिनोल ठरणार नाही आणि जमातीची निर्मितिक्षमताच नाकारली जाईल. १९५७ साली संघीय मान्यता मिळविणारा हा समाज बदलत राहिला म्हणूनच टिकला. आदिवासी संस्कृती शिकविताना वस्तूच्या वर्णनासोबत तिचा काळ व कारण सांगणे म्हणूनच अगत्याचे ठरते.