शिकाऱ्याचं सौजन्य

संगणकशास्त्रातला शोधनिबंध रसग्रहणाला घ्यावा, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. त्यात आलेख असतात, तक्ते असतात आणि भाषा कामापुरती. तरीही १९८८च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या परिषदेत मांडला गेलेला एक आठ पानी निबंध मी आवडीनं पुन्हा पुन्हा वाचतो. मायकेल लिट्झकाव, मिरॉन लिव्हनी आणि मॅट मुटका हे त्याचे लेखक, तिघेही विस्कॉन्सिन विद्यापीठातले. शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘काँडोर : रिकाम्या वर्कस्टेशनांचा शिकारी’.

प्रसंग अगदी रोजचा आहे. एका विभागातले संगणक एकाच नेटवर्कमध्ये जोडलेले, प्रत्येकाच्या टेबलावर एक. कुणाचं यंत्र दिवसभर नुसतं चालू असतं, तर शेजारच्या खोलीतल्या कुणाचं लांबलचक गणित दिवसचे दिवस खोळंबलेलं. काँडोर या प्रणालीचं काम एवढंच : रिकामं यंत्र हेरायचं, त्याच्यावर दुसऱ्याचं काम सोडायचं आणि मालक परतला की ते मुकाट्यानं उचलून न्यायचं. हे करणारे प्रोग्रॅम पडद्यावर दिसत नाहीत. यंत्र सुरू झाल्यापासून ते मागे जागे असतात. त्यांना डीमन म्हणतात. या डीमनांवर ताबा कुणाचा आणि किती, हा निबंधाचा खरा विषय.

शीर्षकातच एक गंमत आहे. काँडोर हा अमेरिका खंडांतला प्रचंड पक्षी, पण तो गिधाडांपैकी. तो सहसा मारत नाही. मेलेल्यावर, उरलेल्यावर जगतो. गिधाडं कमी झाली तेव्हा गडचिरोलीच्या वनविभागानं त्यांच्यासाठी खास ‘उपाहारगृहं’ चालवली, त्यामुळे या पक्ष्याचं काम इथल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लेखकांनी त्याला शिकारी म्हटलं खरं, पण निबंधभर तो शिकार करत नाही. वाया जाणार असलेला वेळ तेवढा उचलतो. नाव दरारा निर्माण करतं आणि मजकूर पानोपानी तो उतरवत जातो. या विसंगतीतच मला निबंधाचा रस सापडतो.

मालक परत येतो तो भाग बघा. यंत्रावरचा स्थानिक डीमन दर अर्ध्या मिनिटाला पाहतो, मालकानं कळफलकाला हात लावला का. लावला असेल तर परकं काम जागच्या जागी थांबतं. पण लगेच हुसकलं जात नाही. कदाचित मालक नुसता डोकावून जाणार असेल, म्हणून पाच मिनिटं वाट पाहिली जाते. तो टिकून राहिलाच तर कामाची आहे त्या क्षणीची अवस्था जपून ठेवली जाते आणि पुढे दुसऱ्या यंत्रावर तिथूनच सुरुवात होते. आधी केलेलं सहसा पुन्हा करावं लागत नाही. दुसऱ्याच्या घरात वावरण्याची इतकी बारीक रीत तांत्रिक लेखनात क्वचितच भेटते. आणि लेखक ती रीत म्हणून सांगतच नाहीत. ते फक्त सेकंद आणि मिनिटं देतात. सौजन्य आपण वाचतो.

सगळ्या यंत्रांवर एक समन्वयक असतो. तो दर दोन मिनिटांनी विचारपूस करतो : कोण रिकामं, कोणाकडे काम पडलंय? पण कामांच्या रांगा त्याच्याकडे नसतात. ज्याची त्याची रांग ज्याच्या त्याच्या यंत्रावर, आणि तिच्यातलं आधी काय पाठवायचं हेही तिथंच ठरतं. समन्वयक बंद पडला तर नवं वाटप थांबतं. चालू कामांना धक्का लागत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं दिल्ली-मुंबईचं सरकार मान्य करूनही गावापुरतं सरकार आपणच असल्याचं ठणकावून सांगितलं आणि २००९मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. काँडोरच्या रचनेतलं केंद्रही असंच आहे : वाटपापुरतं बलवान, अंमलापुरतं दुबळं. हे दुबळेपण मुद्दाम योजलेलं आहे.

न्यायाचा प्रश्नही लेखकांनी टाळलेला नाही. त्यांच्याकडे एक वापरकर्ता असा होता की त्यानं मिळालेल्या उसन्या वेळातला सुमारे ९० टक्के एकट्यानं वापरला. त्याला मनाई नाही, दंड नाही. प्रत्येकाच्या नावावर एक आकडा चालतो. दुसऱ्यांची यंत्रं वापराल तसा तो चढतो, मागूनही मिळालं नाही तर उतरतो. ज्याचा आकडा कमी त्याला आधी. त्यामुळे क्वचित येणाऱ्याला हावऱ्याच्या मागे ताटकळावं लागत नाही आणि दुसरं कुणी नसेल तेव्हा हावऱ्यालाही पोटभर मिळतं.

निकालाच्या परिच्छेदांत एकही विशेषण चढ्या आवाजात येत नाही. २३ यंत्रं, एक महिना. उसने देण्याजोगे १२,४३८ तास निघाले, त्यांतले ४,७७१ वापरले गेले. स्वतःच्या यंत्राचं एक मिनिट खर्चून वापरणाऱ्याला सरासरी जवळजवळ २२ तासांचं गणन बाहेरून मिळालं. या शेवटच्या वाक्यावर दुसऱ्या कुणी लेखकानं उद्गारचिन्ह दिलं असतं. हे पूर्णविराम देऊन पुढच्या तक्त्याकडे वळतात.

उणीव एकच जाणवते. सगळे एकमेकांचे ओळखीचे, असं निबंध गृहीत धरतो. अनोळखी माणसाचं काम आपल्या यंत्रावर येऊ द्यायचं का, याची चिंता त्यात फारशी नाही. १९८८च्या एका विद्यापीठात ते खपून गेलं.

पुढे हा शिकारी दूरवर पोचला. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोची गणनकेंद्रं काँडोरवर कामं वाटतात, आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतला ‘सारथी’ हा संगणकसमूह त्याच शोधकार्यातला. ‘आयुका’च्या संजीव धुरंधरांनी सत्यप्रकाश यांच्यासह १९९१मध्ये ज्या पद्धतीचा पाया घातला, तिच्यात आलेला संकेत असंख्य नमुन्यांशी ताडून पाहावा लागतो. २०१५च्या पहिल्या लहरीच्या वेळी असे सुमारे अडीच लाख नमुने होते. प्रत्येक तुलना स्वतंत्र, म्हणून वाटून देण्याजोगी.

ताडोब्याच्या जंगलातही याच जातीचं काम आहे. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत कॅमेरा-ट्रॅपनी ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं टिपली. वाघ होते ७६,६५१ छायाचित्रांत. एका फोटोत वाघ आहे का, हे ठरवायला दुसरा फोटो लागत नाही. आणि चंद्रपूर-गडचिरोलीतल्या महाविद्यालयांच्या संगणककक्षांत संध्याकाळनंतर कुणी नसतं. एचटीकाँडोर या नावानं आज मिळणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अडचण इतकीच की कक्षाला कुलूप लावताना मेन स्विचही बंद होतो. ते बटण कुणी चालू ठेवायचं, हे ठरवणारा डीमन लेखकांनी लिहिलाच नाही. यंत्र ज्याचं, निर्णय त्याचा, हे तत्त्व त्यांनी पहिल्या पानापासून पाळलं आहे. हा निर्णयही त्यामुळे आपल्यावरच येतो.