सही आणि मन

आज एका कागदाबद्दल बोलायचं आहे. मे १९४० पासून नेदरलंड्स जर्मनीच्या ताब्यात होता. मार्च १९४३ मध्ये हुकूम निघाला: शिकायचं असेल तर विद्यार्थ्यांनी निष्ठापत्रावर सही करावी. व्याप्त प्रदेशातले कायदे पाळू आणि जर्मन राइख, त्याचं सैन्य, डच अधिकारी यांच्याविरुद्ध काही करणार नाही, असा त्याचा आशय. सुमारे ८५ टक्के विद्यार्थ्यांनी सही केली नाही. नायमेखनच्या कॅथलिक विद्यापीठाने तर हे कागद वाटायलाच नकार दिला.

आता सही करा म्हणणाऱ्यांची बाजू बघा. जबरदस्तीने घेतलेली शपथ बांधत नाही. मनात नकार ठेवा आणि सही करून मोकळे व्हा. यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा नाही. कारण ‘मी बांधला जातो का?’ एवढाच प्रश्न इथे विचारला जातो. ‘या कागदाने सत्तेचं काय काम होतं?’ हा प्रश्न राहून जातो. सत्तेला तुमच्या मनाशी कर्तव्य नव्हतं. तिला यादी हवी होती. मनातला नकार कुणालाच ऐकू येत नाही, सही मात्र मोजली जाते. आणि प्रत्येक नव्या सहीगणिक नकार देणारा शेजारी अधिक एकटा पडतो.

नकाराची किंमतही लगेच मोजावी लागली. ६ मे रोजी जर्मनीतल्या सक्तमजुरीसाठी हजर व्हा, असं फर्मान सुटलं. आईवडिलांनाही धमकावण्यात आलं. तीन हजारांहून अधिक विद्यार्थी हजर झाले, बरेच भूमिगत झाले. म्हणून शूर आणि भेकड अशी सरळ वाटणी मला पटत नाही. हजर झालेल्यांनीसुद्धा सही नाकारलीच होती ना?

पण माझा खरा आक्षेप पुढेच आहे. ८५ टक्क्यांची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. सांगावीच. मात्र तिच्या आधी ऑक्टोबर १९४० सांगायला हवा. तेव्हा प्राध्यापकांसह सरकारी नोकरांना एक फॉर्म दिला गेला: तुमच्या वंशात ज्यू आहेत का? त्यात शपथ नव्हती, निष्ठा नव्हती, नुसती माहिती. जवळजवळ सगळ्यांनी तो भरून दिला. नोव्हेंबरमध्ये ज्यू प्राध्यापक पदावरून दूर झाले. २६ तारखेला लायडनमध्ये क्लेव्हेरिंगा आपले गुरू मायर्स यांच्यासाठी उघड बोलले आणि दुसऱ्या दिवशी पकडले गेले. लायडन आणि डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी संप केला. पण फॉर्म तर केव्हाच भरले गेले होते.

‘शपथ’ म्हटलं की आपण सावध होतो, ‘माहिती’ म्हटलं की पेन काढतो. आता तुम्हीच सांगा, या दोन कागदांपैकी जास्त घातक कोणता होता? माझ्या मते पहिला. स्वतःची निष्ठा मागणारा कागद ओळखणं त्या मानाने सोपं असतं. दुसऱ्याला वेगळं काढणारा कागद आपल्याला साधा वाटतो, कारण त्यात आपलं काही जात नाही. तो वाचायला शिकणं, हा या इतिहासाचा अवघड धडा आहे.