गादी, खुर्ची आणि माणिकबाग

खुर्च्यांचे वेड हे चारचौघांत सांगण्यासारखे वेड नव्हे. कुणी नाट्यसंगीताच्या तबकड्या जमवतो, कुणी जुनी नाणी. त्यांना समाजात मान असतो. मी मात्र कुणाकडे चहाला गेलो की आधी खुर्ची पाहतो. यजमान "बसा, बसा" म्हणत असतात आणि मी वाकून तिचे सांधे न्याहाळत असतो. शेवटी आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणतात, "अहो, बसा आता. ती काही विकायला काढलेली नाही." चाळीस वर्षे हेच चालले आहे.

या वेडाची सुरुवात मुंबईच्या एका इराण्याकडे झाली. काळपट, वाकवलेल्या लाकडाची, बारीक कमरेची ती खुर्ची आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तिचे मूळ घराणे थोनेट या कारागिराचे. त्याने १८५९ साली तिचा चौदा क्रमांकाचा नमुना काढला: वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत आणि जगात कुठेही जात. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले की खुर्ची ही केवळ वस्तू नाही, तो एक विचार असतो. माणसाने कसे बसावे, किती वेळ बसावे, कुणासमोर बसावे, याचे उत्तर कुणीतरी लाकडात किंवा लोखंडात देऊन ठेवलेले असते. ते उत्तर पटते की नाही, एवढेच आपण पाहायचे.

आपल्याकडे हे उत्तर पूर्वी वेगळे होते. पाट, चौरंग, बाज, जाजम, लोड-तक्के, झोपाळा ही आपली बैठक. खुर्ची हा शब्दही मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. पण भाषेची गंमत पाहा: सत्तेसाठी मराठीने दोन्ही शब्द ठेवून घेतले. राजा गादीवर बसतो आणि मंत्री खुर्चीला चिकटतो. गादीला वारसा असतो, खुर्चीला मुदत असते. आमच्या इंदूरला हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या घरात समोरासमोर आले होते. त्या घराविषयी आणि त्यातल्या खुर्च्यांविषयी मला लिहायचे आहे.

*

घर म्हणजे माणिकबाग. श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे) १९२६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी गादीवर आले. शिक्षण ऑक्सफर्डचे. पत्नी संयोगिताराणी कागलच्या, म्हणजे बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांच्या अगदी शेजारच्या. एकार्ट मुथेसिउस नावाच्या बर्लिनच्या तरुण वास्तुविशारदाशी महाराजांचा स्नेह जुळला आणि १९३० ते १९३३ या काळात माणिकबागेचे काम झाले. वास्तुविशारदही पंचविशी नुकतीच ओलांडलेला. अंगणापासून दाराच्या मुठीपर्यंत सगळे एका दृष्टीने घडवायचे, असा त्यांचा निश्चय होता. फर्निचर बहुतेक सगळे जर्मनी-फ्रान्समध्ये तयार होऊन जहाजाने आले.

ती यादी आजही थक्क करते. रूलमान यांचे मकासर अबनुसाचे लेखनाचे मेज. लुकहार्ट बंधूंच्या पोलादी नळीच्या खुर्च्या. आयलीन ग्रे यांची 'ट्रान्सॅट'. ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ या तिघांची पहुडण्याची खुर्ची. सोन्यो आणि आलिक्स यांनी केलेले धातू आणि काचेचे पलंग. जमिनीवर दा सिल्वा ब्रुन्स यांचे गालिचे. त्या वेळी खुद्द पॅरिसमध्ये ही नावे एका छताखाली नांदणारी घरे थोडीच असतील.

यावर दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक म्हणते, हे निव्वळ विलायती नक्कल करणाऱ्या संस्थानिकाचे चोचले. दुसरे म्हणते, हा द्रष्टा रसिक. आपण करंटे, आपल्याला त्याची किंमत कळली नाही. मला दोन्ही बोलणी आळशी वाटतात, कारण दोन्हींत खुर्च्यांकडे कुणी पाहिलेलेच नसते.

मी तरी काय पाहिले, असे कुणी विचारील. प्रामाणिकपणे सांगतो, छायाचित्रांतून पाहिले. पॅरिसच्या सजावट-कलांच्या संग्रहालयात २०१९ साली या महाराजांच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे जाणे झाले नाही. तेथील ग्रंथ भाच्याने आणून दिला. तो उशाशी ठेवून मी वर्ष काढले आहे. पहुडण्याच्या खुर्चीची एक नक्कल मात्र मुंबईच्या एका दुकानात होती. विक्रेत्याची नजर चुकवून तिच्यावर दहा मिनिटे पडून आलो आहे. त्या भांडवलावर हे लिहीत आहे.

*

आधी मुथेसिउसची ग्रंथालयातली खुर्ची घेऊ. लाल आच्छादनाची, भरदार, हाताचे टेकू रुंद, आणि डोक्याशी दोन्ही बाजूंना दिवे खुर्चीतच बसवलेले. वाचणाऱ्याला काय लागते? पाठीला आधार, पुस्तकाला उजेड, रक्षापात्राला जागा. सगळे हाताशी. उठायला नको, नोकराला हाक मारायला नको. हुकमाबरोबर दहा माणसे धावून येतील अशा राजवाड्यात, कुणालाही हाक मारावी लागू नये म्हणून केलेली ही खुर्ची आहे. मला तिच्यात एका तरुणाची एकांताची ओढ दिसते. ही नक्कल नव्हे, ही गरज आहे. जिथे माणूस सतत दरबारात असतो तिथे एकटे वाचता येणे हीच चैन.

रूलमानच्या मेजाची गोष्ट वेगळी. १९२९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात रूलमान यांनी हिंदुस्थानच्या एका काल्पनिक राजपुत्रासाठी म्हणून अभ्यासिका मांडली होती. पॅरिसने एक हिंदी राजपुत्र कल्पिला आणि खऱ्या राजपुत्राने त्याच धर्तीचे मेज मागवले. मेज सुंदर आहे, अबनुसाची झळाळी, रेषांचा संयम. पण माझ्या मते माणिकबागेतले हेच सर्वांत कच्चे पान. इथे दुसऱ्याने रंगवलेल्या आपल्या चित्रात आपण जाऊन बसलो आहोत.

'ट्रान्सॅट' माझी सर्वांत लाडकी. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या डेकवर जी झुलत्या बैठकीची खुर्ची असे, तिच्यावरून आयलीन ग्रे यांनी ती रचली. लाकडाचा काटकोनी, काटेकोर सांगाडा. सांध्यांना चकचकीत धातू. आणि त्यात झोळीसारखी सोडलेली बैठक. डोक्याची उशी हवी तशी कलते. सांगाडा शिस्तीचा, बैठक सैलावलेली. दोघांचे भांडण मिटवायचा प्रयत्नच केलेला नाही, म्हणून ती जिवंत वाटते. आपल्या झोपाळ्याशी आणि बाजेशी तिचे नाते मला जाणवते: शरीराचा भार ताणलेल्या वस्तूवर सोडून द्यायचा, ठोकळ्यावर नाही.

तिघांची ती पहुडण्याची खुर्ची १९२८ ची. पोलादी नळीचा पाळणा नुसता एका चौकटीवर टेकलेला. सरकवला की कोन बदलतो. खिळा नाही, मळसूत्र नाही. दुकानात तिच्यावर पडलो तेव्हा पाच मिनिटांत कंबर सुखावली. पण सहाव्या मिनिटाला कळले की कोन बदलायचा तर उठावे लागते, आणि बाजूला कुणी बसले तर त्याच्याकडे वळता येत नाही. माणिकबागेतल्या बहुतेक खुर्च्यांचा हाच दोष आहे. प्रत्येक खुर्ची एकाच माणसाची. लोडाला टेकून चौघे बसले, पाचवा आला, की जाजमावर जागा होते. या खुर्च्या पाचव्याला ओळखत नाहीत.

हे महाराजांना जाणवत नसेल असे मला वाटत नाही. बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची दोन मोठी चित्रे काढली. पहिल्यात विलायती रात्रीच्या पोशाखातले, काळ्या झग्यातले यशवंतराव उभे आहेत. काही वर्षांनी काढलेल्या दुसऱ्यात मराठेशाही पोशाख, पागोटे, आणि बैठक पांढऱ्याशुभ्र गादीवर. दोन्ही चित्रे त्याच हाताची, तितक्याच आधुनिक रेषेची. खुर्ची घेतली म्हणून गादी सोडली नाही, आणि गादी आहे म्हणून खुर्चीची लाज बाळगली नाही. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

*

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते सुखाचे नाही. १९३७ साली संयोगिताराणी अगदी तरुण वयात गेल्या. ब्रांकुशी या शिल्पकाराकडून महाराजांनी घेतलेल्या पक्ष्यांसाठी इंदूरला मंदिर व्हायचे होते. शिल्पकार येऊनही गेला, मंदिर झाले नाही. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९६१ साली महाराज वारले. १९८० साली माणिकबागेतले फर्निचर मॉन्टे कार्लो येथे सदबीजने लिलावात विकले. वास्तूत पुढे केंद्रीय करखात्याचे कार्यालय आले. आज जर्मनीत मुथेसिउसच्या त्या वेळच्या रेखाटनांवरून छत्र्या ठेवायचे एक पात्र आणि कपडे अडकवायची एक घोडी तयार होते. पात्राचे नाव 'उषा', घोडीचे 'मांडू'. राजकन्येचेही नाव उषाच, आणि मांडू तर आमचे सहलीचे ठिकाण.

लिलावाची हकिकत मला कळली तेव्हा मी पुष्कळ संतापलो. मित्रमंडळींत तावातावाने म्हणालो, या वस्तू इथल्या मातीत रुजल्याच नव्हत्या. इथल्या सुताराने त्या घडवल्या नाहीत, वेत विणणाऱ्याचा हात त्यांना लागला नाही. परक्या म्हणून आल्या, परक्या म्हणून गेल्या. हे मत मी बरीच वर्षे बाळगले. आता ते टिकत नाही. त्याची कारणे दोन.

पहिले कारण चंडीगढ. पहुडण्याच्या खुर्चीच्या तीन कर्त्यांपैकी पिएर जानरे १९५१ साली चंडीगढला आले आणि १९६५ पर्यंत तिथे राहिले. त्यांनी कारकून, न्यायाधीश, विद्यार्थी यांच्यासाठी खुर्च्या केल्या: साग, वेत, आणि उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखे पाय. इथले लाकूड, इथला वेत, इथलेच सुतार. एकाच माणसाची नसून कचेरीतल्या कुणाचीही. माणिकबागेतल्या खुर्च्यांत जे जे नव्हते ते सारे इथे होते. त्यांचे काय झाले? मोडल्या म्हणून गच्चीत रचल्या, भंगारात विकल्या. विलायतेतल्या लिलावांत त्यांना मोठ्या किमती येऊ लागल्यावर आपण जागे झालो, आणि २०११ साली केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणजे वस्तू परकी असल्याने जाते, हे खरे नव्हे.

दुसरे कारण सांगायला संकोच वाटतो. आमच्या घरात आजोबांची आरामखुर्ची होती. सागवानी, वेताच्या बैठकीची, हात इतके लांब की त्यांवर पाय पसरता यावेत. आजोबा होळकरी नोकरीसाठी कोकणातून इंदूरला आले आणि त्या खुर्चीत बसून त्यांनी आम्हां नातवंडांना पाढे, आर्या आणि मोडी शिकवली. आम्ही जमिनीवर, ते खुर्चीत. पण हाताच्या त्या लांब फळीवर एकाला बसायची परवानगी असे. १९७८ साली, नोकरी लागल्यावर, मी लोखंडी पायांचा नवा सोफासेट आणला. खुर्चीचा वेत फाटला होता, हात डुगडुगत होता. मीच भंगारवाल्याला हाक मारली. आई एवढेच म्हणाली, "वेत बदलता आला असता रे." मी म्हणालो, "आई, जागा कुठे आहे?"

दोनच वर्षांनी माणिकबागेच्या लिलावावर मी तावातावाने बोलत होतो, ते त्या सोफ्यावर बसून.

*

म्हणून आज या खुर्च्यांकडे पाहताना माझा निवाडा असा आहे. माणिकबाग हे मोठे काम आहे. त्यात एकटेपणाचा दोष आहे, रूलमानच्या मेजात थोडा भ्रमही आहे. पण ट्रान्सॅट आणि ती लाल वाचनखुर्ची यांच्यापुढे तो दोष मी माफ करतो. नव्या प्रकारे बसून पाहण्याचे धैर्य त्या घराने केले. गेल्याचे दुःख आहेच. तरी ते दुःख महाराजांच्या वारसांच्या, सरकारच्या किंवा पॅरिसच्या नावावर लिहून मोकळे होता येत नाही. वस्तू परक्या ठरतात त्या कुठून आल्या म्हणून नव्हे. वेत फाटतो, आणि तो बदलून घ्यावा असे घरात कुणाला वाटत नाही, त्या दिवशी त्या परक्या होतात. भाषेचेही असेच असते, पण तो विषय आज नको.

गेल्या वर्षी जुन्या बाजारात तशाच धर्तीची एक आरामखुर्ची मिळाली. आजोबांची नव्हे, एवढे मला कळते. त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हातावर माझ्या चाकूची खूण होती. वेत बसवणारा शोधायला दोन महिने लागले. तो म्हातारा हिंदीत म्हणाला, हे काम आता कुणी मागत नाही. बैठक मात्र त्याने अशी ताणून विणली की बोटाने वाजवावी.

नातू शाळेतून आला की धावत येतो आणि म्हणतो, "आजोबा, मेरी कुर्सी!" मी म्हणतो, "खुर्ची म्हण, मग बस." तो म्हणतो, "खुर्ची," आणि माझ्या पायावरून चढून त्या लांब हाताच्या फळीवर बसतो.