एका सालचीं दोन पुस्तकें आणि कुलाब्याचें रान

1883 सालीं कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचें इंग्रजी गॅझेटियर निघालें. त्याच सालीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. आमचें रान कोणामुळें उजाडलें, ह्या प्रश्नासाठीं हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचण्याजोगे आहेत.

गॅझेटियर हा माहितीचा मोठा सांठा आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण त्यांतील रान हें मुख्यतः सरकारी मिळकत आहे. त्या काळच्या वनाधिकाऱ्यांचा आरोपही ठरलेला असे: जंगल खाल्लें तें राबानें. पेण-रोह्याच्या, रामवाडीच्या बाजूच्या वाचकांस राब समजावून द्यावयास नको, इतरांसाठीं सांगतों. भाताचें रोप करावयाच्या जागेवर ऐनाच्या फांद्या, पाला, गवत व शेण पसरून पावसापूर्वीं ती भाजावयाची. ह्यांत फांदी जाते, झाड राहतें व पुन्हां फुटतें. छाटणी अति झाली तर तें खुरटतें, हेंही खरेंच. परंतु बुंध्यास कुऱ्हाड लावणारें गिऱ्हाईक निराळें होतें. मुंबईच्या गोदीस साग हवा होता. 1853 त आगगाडी सुरू झाल्यावर रुळांखालीं लाकूड हवें झालें. वाढत्या शहरास सरपण व कोळसा लागे, आणि खाडीवाटे तो मचव्यांतून नेणें सोपें होतें. पुढें 1878 चा जंगल कायदा आला. त्यानें कुऱ्हाड थांबविली नाहीं. ती कोणाच्या हातीं असावी, एवढेंच ठरविलें. ठाणें-कुलाब्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या कीं 1885 त सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें.

फुल्यांची भाषा प्रखर आहे, क्वचित् अतिरेकीही. तथापि डोंगर व गायरानें जंगलखात्यांत गेल्यावर शेतकऱ्याच्या गुरांनीं चरावें कोठें, हा त्यांचा प्रश्न मला साऱ्या आंकड्यांहून वजनदार वाटतो. त्यांत उणीव एकच: त्यांच्या डोळ्यांपुढें देशावरचा कुणबी आहे. कोंकणचा कातकरी, जो आधीं कात करी व पुढें व्यापाऱ्यासाठीं कोळसा पाडूं लागला, त्यांत जवळजवळ दिसत नाहीं. गॅझेटियरांत तो आहे. पण लोकसंख्येच्या प्रकरणांत, चालीरीतींच्या वर्णनापुरता.

25 सप्टेंबर 1930 रोजीं ह्याच जिल्ह्यांत चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर पोलिसांनीं गोळीबार केला. तेथील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हें एक नांव आहे.