घोरपड आणि दोन मावळे

तानाजी मालुसरे यांची कथा मराठी घरांत पोहोचली ती प्रामुख्याने शाहीर तुलसीदासाच्या पोवाड्यामुळे. तिचे दुसरे, जुने रूप कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, ही बखर जिंजी येथे लिहिली गेली. पोवाडा सर्वांच्या ओठांवर आहे. बखर मात्र क्वचितच कोणी उघडतो. या दोन्ही कृती शेजारी ठेवून वाचाव्यात, असे आम्ही वाचकांस सुचवितो.

पोवाड्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. पुत्राच्या विवाहाचे आमंत्रण घेऊन निघालेला पिता मोहिमेवर जातो, या एका प्रसंगात कर्तव्य आणि वात्सल्य यांची ओढाताण शाहिराने अचूक पकडली आहे. परंतु कडा चढण्याची वेळ येते तेव्हा पराक्रम घोरपडीच्या वाट्याला जातो. शत्रू उदेभान तर राक्षसी आहाराचा दैत्यच बनतो.

सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तेथे चढण्यात निष्णात असे दोन निवडक मावळे रात्री कडा चढून जातात, वरून माळ लावतात आणि तिच्या आधाराने तानाजीसह तीनशे माणसे गडावर पोहोचतात. त्या दोघांची नावे बखरकार देत नाही. तानाजीची ढाल तुटते, तो डाव्या हाताचीच ढाल करतो. दोन्ही योद्धे परस्परांच्या वारांनी पडतात. उदेभान येथे दैत्य नाही. तोही तोलामोलाचा वीर आहे. पुढे सूर्याजी लोकांना सावरतो आणि गड हाती येतो. ही घटना १६७० ची. ‘सिंहगड’ हे नाव मात्र शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रातही आढळते; तेव्हा नामकरणाची लोकप्रिय कथाही नंतरचीच ठरते.

स्पेनचा मध्ययुगीन सरदार रोद्रिगो दियाझ, अर्थात एल सीद (मृत्यू १०९९), याचेही असेच झाले. राजाने हद्दपार केल्यावर त्याने सारागोसाच्या मुसलमान राजांची चाकरी केली. त्याचे ‘सीद’ हे बिरुदही अरबीच, अर्थ ‘स्वामी’. त्याच्यावरील जुन्या काव्यात अबेनगाल्बोन हा मुसलमान त्याचा विश्वासू मित्र आहे. पुढे मात्र त्याचे प्रेत घोड्यावर बांधून शत्रूला पळविल्याची कथा रूढ झाली. त्याची कबर सांभाळणाऱ्या कार्देन्याच्या मठानेच त्याच्या दंतकथा जोपासल्या, हे आपण ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये.

दंतकथा दूर केल्यास श्रद्धा डळमळेल, अशी भीती संतचरित्रांबाबतही व्यक्त होते. येशूसंघीय विद्वान इपोलित दलेए यांनी १९०५ मध्येच संतकथांची कठोर चिकित्सा केली. तिच्यामुळे संतांचा मान उणावला नाही.

आमच्या मते खरे नुकसान निराळेच आहे. घोरपड कडा चढते तेव्हा ते दोन मावळे विस्मृतीच्या दरीत कोसळतात. मोलगीच्या परिसरात उभ्या डोंगरउतारावर अनवाणी चढणाऱ्या मुलांना घोरपडीचे नवल वाटेल. त्या दोघांत मात्र ती स्वतःला ओळखतील. याच सातपुड्यात, अंबापाणी येथे, १८५८ साली खाज्या नाईकाच्या भिल्लांनी इंग्रजांशी झुंज दिली. तेथे पडलेल्या किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत? पोवाडा अवश्य गावा. पण मुलांना बखरीतले ते पानही वाचून दाखवावे. दुर्बळ आणि अनामिक यांची नोंद ठेवणे हे शुभवर्तमानाच्या वाचकांस परके नसावे.